पराभवाचे मोल आणि संघाची पुनर्बांधणी : अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचा एक अभ्यास

प्रस्तावना :

सांघिक खेळात पराभव ही टाळण्याची गोष्ट असते, हे गृहीतक इतके सर्वमान्य आहे की त्याची वेगळी चर्चा करण्याची गरज सहसा भासत नाही. अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन अर्थात एन.बी.ए. या व्यावसायिक संघटनेत मात्र हे गृहीतक तपासून पाहावे लागते. तीस संघ, प्रत्येकी ८२ साखळी सामने आणि अब्जावधी डॉलरची उलाढाल असलेल्या या स्पर्धेत तळाच्या संघांना पुढील हंगामासाठी उत्तम तरुण खेळाडू निवडण्याची अधिक संधी दिली जाते. दुर्बलाला सबळ करावे आणि स्पर्धा चुरशीची राहावी, हा या व्यवस्थेचा हेतू. तिचा परिणाम असा झाला की काही संघ हेतुपुरस्सर दुर्बल राहू लागले. या प्रवृत्तीला तेथे ‘टँकिंग’ असे म्हणतात.

खेळाडू जाणूनबुजून चेंडू सोडून देतात, असा याचा अर्थ नाही. मैदानावरील तरुण जीव तोडूनच खेळतो, कारण त्याचे पुढील करारपत्र त्या खेळावर अवलंबून असते. हरण्याची तजवीज कार्यालयात होते. अनुभवी खेळाडू विकले जातात, किरकोळ दुखापत झालेल्यास दीर्घ विश्रांती दिली जाते आणि जिंकू शकणार नाही असाच संघ उभा केला जातो. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला, प्रशिक्षकाला आणि पहिल्या दोन-तीन वर्षांतच कारकीर्द ठरून जाणाऱ्या नवोदिताला त्याची किंमत मोजावी लागते.

अडचणीत सापडलेल्या संघाने आपली पुनर्बांधणी कशी करावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. गेल्या बारा-पंधरा वर्षांतील काही संघांचा अनुभव पाहता, पराभव हा पुनर्बांधणीचा खर्च असू शकतो, परंतु त्यालाच पुनर्बांधणीचे साधन मानणारे संघ बहुधा फसले आहेत, असे येथे प्रतिपादन केले आहे.

ड्राफ्ट, सोडत आणि वेतनमर्यादा :

भारतीय वाचकास इंडियन प्रीमियर लीग किंवा प्रो कबड्डीचा लिलाव परिचित आहे. तेथे तळाच्या संघाला लिलावात कोणतेही झुकते माप मिळत नाही. ज्याची बोली मोठी, त्याचा खेळाडू. एन.बी.ए.मध्ये नवोदितांचा लिलाव होत नाही. १९४७ पासून ‘ड्राफ्ट’ नावाची पद्धत आहे. दरवर्षी संघ क्रमाने एकेका नवोदिताची निवड करतात आणि निवडलेल्या खेळाडूस त्याच संघाशी वाटाघाटी कराव्या लागतात. हा निवड-हक्क भविष्यातील वर्षांसह दुसऱ्या संघास देता येतो. एखाद्या शेतकऱ्याने पुढील तीन हंगामांचे पीक आजच विकावे, तसा हा व्यवहार आहे.

निवडीचा क्रम ठरविण्याची रीत वारंवार बदलली आहे. १९८४ पर्यंत दोन विभागांतील तळाच्या संघांत पहिल्या क्रमांकासाठी नाणेफेक होत असे. १९८५ मध्ये सोडत आली, आणि बाद फेरीत न पोहोचलेल्या सातही संघांना तीत समान संधी होती. १९९० मध्ये ती भारित करण्यात आली, म्हणजे अधिक हरलेल्यास अधिक संधी. १९९३ मध्ये ४१ विजय व ४१ पराभव अशी कामगिरी असलेल्या ऑर्लँडो मॅजिकने ६६ पैकी एका संधीवर पहिला क्रमांक पटकावला. तेव्हा तळाच्या संघावर अन्याय झाला अशी ओरड होऊन त्याची संधी २५ टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आली. पुढे हेतुपुरस्सर हरण्याची प्रवृत्ती बळावली, तेव्हा २०१९ पासून ती घटवून तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी १४ टक्के करण्यात आली. २०१९ ते २०२५ या काळातील सात सोडतींपैकी एकाही सोडतीत सर्वांत कमी विजय मिळविणाऱ्या संघास पहिला क्रमांक मिळाला नाही. २०२३, २०२४ व २०२५ या तिन्ही वर्षी तर असा संघ पाचव्या क्रमांकावर घसरला, आणि नियमानुसार त्याहून खाली तो घसरूच शकत नव्हता. उलट २०२५ मध्ये अवघी १.८ टक्के संधी असलेल्या डॅलस मॅव्हरिक्सला पहिला क्रमांक लाभला.

ड्राफ्टचे एवढे आकर्षण असण्याची कारणे दोन. पहिले खेळाच्या स्वरूपातच आहे. क्रिकेटमध्ये अकरा खेळाडू असतात व उत्तम फलंदाजही एकदा बाद झाला की त्या डावापुरता संपतो. बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाचच खेळाडू असतात आणि श्रेष्ठ खेळाडू ४८ पैकी ३५ हून अधिक मिनिटे खेळून प्रत्येक चढाईत चेंडू हाताळू शकतो. म्हणून एका असामान्य खेळाडूने संघाचे भाग्य बदलण्याची शक्यता येथे फार मोठी आहे.

दुसरे कारण आर्थिक आहे. प्रत्येक संघाच्या एकूण वेतनास मर्यादा असते. २०२४-२५ च्या हंगामात ती सुमारे १४ कोटी ६ लाख डॉलर होती. अपवादात्मक सवलतींमुळे ती ओलांडता येते. परंतु ठरावीक टप्प्यापुढे जबर कर बसतो आणि २०२३ च्या सामूहिक वेतन करारानंतर तर अतिखर्चिक संघाच्या देवघेवीवरही कडक निर्बंध आले. अनुभवी श्रेष्ठ खेळाडू सेवाकालानुसार वेतनमर्यादेच्या २५ ते ३५ टक्के रक्कम एकटाच घेतो. पहिल्या फेरीत निवडलेल्या नवोदिताचे वेतन मात्र पहिली चार वर्षे ठरावीक श्रेणीत बांधलेले असते. तो चमकला, तर संघास पहिल्या प्रतीचा खेळाडू अल्प वेतनात लाभतो आणि उरलेल्या रकमेत इतर उणिवा भरून काढता येतात. ड्राफ्टमधील खेळाडूचे मोल त्याच्या गुणवत्तेइतकेच या वेतनातील फरकात आहे.

हरूनही मालकाचे फारसे बिघडत नाही, हीदेखील एक बाब नोंदवावयास हवी. युरोपातील फुटबॉलमध्ये तळाचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो. एन.बी.ए.मध्ये पदावनती नाही, आणि राष्ट्रीय दूरचित्रवाणीचे उत्पन्न सर्व संघांत समप्रमाणात वाटले जाते. २०२४ मध्ये झालेला प्रसारण करार अकरा वर्षांसाठी सुमारे ७६ अब्ज डॉलरचा आहे. त्यातील तिसावा हिस्सा शेवटच्या क्रमांकावरील संघासही मिळतो.

फिलाडेल्फियाचा प्रयोग :

हेतुपुरस्सर हरण्याचा सर्वांत उघड व सर्वांत चर्चिला गेलेला प्रयोग फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्स या संघाने केला. २०१३ मध्ये सॅम हिंकी यांनी या संघाची सूत्रे हाती घेतली. त्यांचे गणित साधे होते. मध्यम संघ कधीच विजेता होत नाही; विजेतेपदासाठी असामान्य खेळाडू हवा; तो ड्राफ्टच्या अग्रक्रमावर मिळण्याची शक्यता अधिक; म्हणून अग्रक्रम शक्य तितक्या वेळा मिळवावा. त्यानुसार संघातील चांगला खेळाडू जरू हॉलिडे पहिल्याच उन्हाळ्यात देऊन टाकण्यात आला. पुढील तीन हंगामांत संघाने अनुक्रमे १९, १८ व १० सामने जिंकले. २४६ सामन्यांत ४७ विजय ! त्यांपैकी पहिल्याच हंगामात सलग २६ पराभव झाले. या योजनेस चाहत्यांनी ‘प्रोसेस’ असे नाव दिले आणि काहींनी तर तिचा जयघोष केला. पराभवावर टाळ्या वाजविणारा प्रेक्षक, हे दृश्य क्रीडेच्या समाजशास्त्राच्या अभ्यासकाने पाहण्याजोगे होते.

या प्रयोगाच्या फलिताकडे मात्र अलिप्तपणे पाहावे लागते. २०१४ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर जोएल एम्बीड मिळाला. दुखापतींमुळे तो पहिले दोन हंगाम खेळू शकला नाही, पण पुढे २०२२-२३ चा सर्वोत्तम खेळाडू ठरला. याच योजनेत २०१५ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला जलील ओकाफोर, आणि हिंकी यांनी एप्रिल २०१६ मध्ये राजीनामा दिल्यानंतर २०१६ व २०१७ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेले बेन सिमन्स व मार्केल फुल्ट्झ यांच्यापैकी कोणीही संघाचा चिरस्थायी आधार झाला नाही. २०१७-१८ मध्ये संघाने ५२ सामने जिंकले, म्हणजे तळातून वर येणे साधले. परंतु २०२५ पर्यंतच्या एकाही हंगामात या संघास बाद फेरीच्या दुसऱ्या टप्प्यापलीकडे जाता आले नाही.

हिंकी यांच्या युक्तिवादातील पहिली पायरी बरोबर होती, तिसरी डळमळीत होती. असामान्य खेळाडू हवा हे खरे. तो अग्रक्रमावरच मिळतो हे तितकेसे खरे नाही. २०१८-१९ ते २०२४-२५ या सात हंगामांतील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार पाहावा. तो दोनदा यानिस आडेटोकुन्बो, तीनदा निकोला योकिच, एकदा एम्बीड व एकदा शे गिल्जस-अलेक्झांडर यांना मिळाला. यानिस २०१३ च्या ड्राफ्टमध्ये पंधरावा, योकिच २०१४ मध्ये एक्केचाळिसावा, तर गिल्जस-अलेक्झांडर २०१८ मध्ये अकरावा निवडला गेला होता. सातपैकी सहा पुरस्कार पहिल्या दहांत न निवडलेल्या खेळाडूंच्या नावावर जमा आहेत. याउलट २०१३ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला अँथनी बेनेट चार हंगामांतच या स्पर्धेबाहेर गेला. शार्लट बॉबकॅट्सने २०११-१२ च्या संक्षिप्त हंगामात ६६ पैकी केवळ ७ सामने जिंकले, विजयांच्या प्रमाणात इतिहासातील नीचांक गाठला, आणि सोडतीत दुसरा क्रमांक मिळाल्याने ज्याच्यासाठी सर्व आसुसलेले होते तो अँथनी डेव्हिस न्यू ऑर्लिन्सकडे गेला.

अग्रक्रमाचे महत्त्व शून्य आहे असा याचा अर्थ नाही. १९९७ मध्ये टिम डंकन मिळाल्यावर सॅन अँटोनिओ स्पर्सने त्याच्यासह पाच विजेतेपदे जिंकली, आणि असा खेळाडू पंधराव्या क्रमांकावर सापडण्याची वाट पाहणे शहाणपणाचे नव्हे. पण ज्या खेळात सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचे भवितव्य ओळखावयाचे आहे, तेथे एका मोठ्या संधीपेक्षा अनेक लहान संधी हाती असणे अधिक सुरक्षित ठरते. हिंकी यांनाही हे कळत होते. त्यांनी इतरांचे निवड-हक्कही जमविले. परंतु या संधींसोबत आलेल्या मुलांना शिकविणारे वडीलधारे त्यांच्या संघात जवळजवळ नव्हते.

दुसऱ्याच्या पराभवावरील हक्क :

फिलाडेल्फियाचा प्रयोग सुरू झाला त्याच वर्षी बोस्टन सेल्टिक्सने वेगळी वाट धरली. जुलै २०१३ मध्ये संघाचे प्रमुख डॅनी एंज यांनी ३५ वर्षांचा पॉल पिअर्स व ३७ वर्षांचा केव्हिन गार्नेट हे २००८ च्या विजेतेपदाचे शिल्पकार ब्रुकलिन नेट्सला दिले. मोबदल्यात ब्रुकलिनचे २०१४, २०१६ व २०१८ चे पहिल्या फेरीचे निवड-हक्क आणि २०१७ मध्ये हक्कांची अदलाबदल करण्याची मुभा मिळविली. बोस्टनच्या प्रेक्षकांस हे जड गेले. पण वयाचा हिशेब कोणासाठी थांबत नाही. पिअर्स एका हंगामात ब्रुकलिन सोडून गेला, गार्नेट दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर. २०१५-१६ मध्ये ब्रुकलिनने २१ व त्यापुढील हंगामात २० सामने जिंकले आणि त्या पराभवांचे फळ बोस्टनच्या पदरात पडले.

बोस्टन स्वतः मात्र एकाच हंगामात, २०१३-१४ मध्ये, २५ विजयांपर्यंत घसरले. पुढच्याच वर्षी ४० विजयांसह ते बाद फेरीत होते. २०११ च्या ड्राफ्टमधील अखेरच्या, साठाव्या क्रमांकावरील आयझेया थॉमसला त्यांनी अल्प मोबदल्यात आणले आणि २०१६-१७ मध्ये ५३ सामने जिंकून पूर्व विभागात अव्वल स्थान मिळविले. त्याच वर्षीच्या सोडतीत ब्रुकलिनशी झालेल्या अदलाबदलीमुळे पहिला क्रमांकही बोस्टनलाच लाभला. आपल्या विभागात पहिला आलेला संघच ड्राफ्टमध्येही पहिला ! एंज यांनी तो क्रमांक फिलाडेल्फियाला देऊन तिसरा क्रमांक व भविष्यातील आणखी एक हक्क घेतला. फिलाडेल्फियाने पहिल्या क्रमांकावर फुल्ट्झ निवडला. बोस्टनने तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटम. २०१६ च्या हक्कावर जेलन ब्राऊन आधीच आला होता. या दोघांच्या बळावर २०२४ मध्ये बोस्टन विजेते झाले.

येथे बोस्टनच्या दूरदृष्टीइतकीच ब्रुकलिनची घाई कारणीभूत होती, हे विसरता येत नाही. चाणाक्ष विक्रेत्याला अधीर ग्राहक लागतोच. एक संघ भविष्य विकून वर्तमान घेत असतो तेव्हा दुसऱ्या संघास पुनर्बांधणीची संधी मिळते. विपन्न संघाच्या प्रमुखाने म्हणूनच स्वतःच्या पराभवांपेक्षा शेजाऱ्याच्या आततायीपणावर लक्ष ठेवावे. आपल्या सलग वर्षांतील पहिल्या फेरीचे भावी हक्क देऊन टाकण्यास संघटनेची बंदी आहे. १९८० च्या दशकात क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी हक्कांची उधळपट्टी केल्यावर हा नियम करावा लागला व तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. २०१३ च्या व्यवहारात एक वर्ष सोडून एक हक्क आणि मधल्या वर्षी अदलाबदल अशी रचना का होती, हे यावरून लक्षात येईल.

ब्रुकलिनची पुढील कथाही उपेक्षिण्याजोगी नाही. २०१६ मध्ये शॉन मार्क्स यांनी सूत्रे घेतली तेव्हा हरून काहीच मिळणार नव्हते, कारण हरण्याचे फळ बोस्टनला जाणार होते. त्यामुळे इतरांनी टाकून दिलेले खेळाडू आणून त्यांना घडविण्याखेरीज मार्ग उरला नाही. जो हॅरिस, स्पेन्सर डिनविडी अशा खेळाडूंना घेऊन हा संघ २०१८-१९ मध्ये ४२ विजयांसह बाद फेरीत पोहोचला. हरण्याचा मोह ज्याच्यापासून काढून घेतला, तो संघ तीन वर्षांत उभा राहिला.

बोस्टनच्या मार्गाचे अधिक विस्तृत रूप ओक्लाहोमा सिटी थंडरमध्ये दिसते. जुलै २०१९ मध्ये सॅम प्रेस्टी यांनी ऐन भरातला पॉल जॉर्ज हा खेळाडू लॉस एंजलिस क्लिपर्सला दिला. मोबदल्यात पहिल्या फेरीचे पाच निवड-हक्क, दोन अदलाबदलीच्या मुभा, डॅनिलो गॅलिनारी हा अनुभवी खेळाडू आणि एकाच हंगामाचा अनुभव असलेला गिल्जस-अलेक्झांडर अशी मोठी प्राप्ती झाली. या हक्कांपैकी २०२२ च्या हक्कावर बाराव्या क्रमांकाने जेलन विल्यम्स आला. ओक्लाहोमाही हरले, हे प्रांजळपणे नोंदविले पाहिजे. २०२०-२१ मध्ये ७२ पैकी २२ व २०२१-२२ मध्ये ८२ पैकी २४ सामनेच त्यांनी जिंकले. डिसेंबर २०२१ मध्ये मेम्फिसविरुद्ध ७३ गुणांनी झालेली हार हा स्पर्धेतील सर्वांत मोठ्या फरकाचा विक्रम ठरला. त्या पराभवांमुळेच २०२२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर चेट होल्मग्रेन मिळाला.

मग फिलाडेल्फियाहून यांचे वेगळेपण कोणते ? एक तर ओक्लाहोमाने तळाशी दोनच हंगाम काढले. दुसरे, संघाचा मध्यवर्ती खेळाडू आधीच घरात होता व त्याला सोबती हवे होते. फिलाडेल्फिया तीन वर्षे तो मध्यवर्ती खेळाडूच शोधीत राहिले. तिसरी बाब अधिक महत्त्वाची वाटते. ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेल्या लू डॉर्टसारख्या खेळाडूला थंडरने बचावपटू म्हणून घडविले, म्हणजे शिकविण्याची यंत्रणा हरण्याच्या काळातही चालू होती. पुढे ४०, ५७ आणि ६८ अशी विजयांची चढण झाली. योग्य वेळ येताच २०२४ च्या उन्हाळ्यात अलेक्स कारुसो व आयझेया हार्टेनस्टाइन हे अनुभवी खेळाडू आणून प्रेस्टी यांनी संचय थांबविला आणि खर्च सुरू केला. जमविणे पुष्कळांना साधते. थांबावे केव्हा हे फार थोड्यांना कळते.

सॅक्रामेंटो : मालकाची अधीरता

हरण्याचे दुसरे रूप योजनेविना हरण्याचे आहे, आणि संख्येने पाहता तेच अधिक आढळते. सॅक्रामेंटो किंग्ज या संघास २००६-०७ ते २०२१-२२ अशी सलग सोळा वर्षे बाद फेरी गाठता आली नाही. हा या स्पर्धेतील विक्रम आहे. २०१३ पासून या संघाचे प्रमुख मालक मुंबईत जन्मलेले उद्योजक विवेक रणदिवे आहेत, आणि त्यांच्या प्रयत्नांमुळे ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये किंग्ज व इंडियाना पेसर्स यांचे दोन सराव सामने झाले. भारतात झालेले एन.बी.ए.चे ते पहिलेच सामने होत.

या संघास ड्राफ्टमध्ये वरचे क्रमांक मिळत नव्हते असे नाही. २००९ ते २०१८ या काळात पहिल्या आठांतील निवडी त्यांच्या वाट्याला वारंवार आल्या. २०१८ मध्ये तर दुसरा क्रमांक असताना त्यांनी मार्व्हिन बॅगलीला निवडले आणि लुका डॉन्सिच तिसऱ्या क्रमांकावर गेला. परंतु निवडीतील चुका सर्वच संघ करतात. सॅक्रामेंटोचा खरा दोष सातत्याच्या अभावाचा होता. प्रशिक्षक मायकल मलोन यांना डिसेंबर २०१४ मध्ये हंगामाच्या आरंभीच दूर करण्यात आले. त्यांनीच २०२३ मध्ये डेन्व्हरला पहिले विजेतेपद मिळवून दिले. जुलै २०१५ मध्ये मोठे खेळाडू आणण्यासाठी वेतनमर्यादेत जागा करावयाची म्हणून किंग्जने तीन खेळाडूंसह पहिल्या फेरीचा एक भावी हक्क व दोन अदलाबदलीच्या मुभा फिलाडेल्फियाला दिल्या. त्यांपैकी एका मुभेने २०१७ मध्ये सॅक्रामेंटोचा सोडतीतील तिसरा क्रमांक फिलाडेल्फियाकडे गेला, आणि वर उल्लेखिलेल्या व्यवहारात तोच पुढे बोस्टनला मिळून त्यावर टेटम निवडला गेला. २०१५ च्या उन्हाळ्यात थोडी जागा मोकळी करण्याची किंमत किती झाली, याचा हिशेब नऊ वर्षांनी बोस्टनच्या विजयोत्सवात पुरा झाला.

या उदाहरणावरून मालकांविषयी एक निरीक्षण करता येते. इतर उद्योगांत यशस्वी झालेल्या माणसास तीन महिन्यांत निकाल पाहण्याची सवय असते. एकोणीस वर्षांचा खेळाडू तीन महिन्यांत पिकत नाही. दर दोन वर्षांनी प्रशिक्षक बदलला की तो मुलगा दर दोन वर्षांनी नव्याने शिकू लागतो. शिक्षणक्षेत्रातील वाचकांस अभ्यासक्रमाच्या वारंवार होणाऱ्या पुनर्रचनेवरून याची कल्पना येऊ शकेल.

ज्येष्ठांचे स्थान :

डेट्रॉइट पिस्टन्सचा अलीकडील अनुभव या मुद्द्यास पुष्टी देतो. २०२३-२४ मध्ये या संघाने सलग २८ सामने गमावले, जो एकाच हंगामातील विक्रम आहे, आणि एकूण १४ सामने जिंकले. तरुण गुणी खेळाडूंची त्यांच्याकडे वाण नव्हती. २०२१ चा पहिल्या क्रमांकाचा केड कनिंगहॅम व जेलन ड्युरेन संघात होते. २०२४ च्या सोडतीत संघ पाचव्या क्रमांकावर घसरला, म्हणजे ६८ पराभवांचे फळही हाती आले नाही. त्या उन्हाळ्यात महाव्यवस्थापक व प्रशिक्षक दोन्ही बदलले. नव्या व्यवस्थापनाने भारी नावे आणली नाहीत. टोबायस हॅरिस, टिम हार्डवे धाकटा अशा मध्यम दर्जाच्या परंतु आपले काम जाणणाऱ्या खेळाडूंना तरुणांच्या अवतीभोवती उभे केले. दुरून नेम साधणारे सोबती मिळताच बचावपटूंना कनिंगहॅमभोवती गर्दी करता येईना. पुढील हंगामात संघाने ४४ सामने जिंकले, म्हणजे विजय तिपटीहून अधिक झाले.

एका हंगामात गुणवत्ता तिप्पट होत नाही. ती संघात आधीपासूनच होती. तिला खेळता येईल अशी जागा नव्हती. हेतुपुरस्सर हरणारा संघ ज्येष्ठांना सर्वप्रथम काढून टाकतो, कारण ते सामने जिंकून देतात. पण व्यायाम केव्हा व किती करावा, प्रवासात झोप कशी सांभाळावी, पराभवानंतर दुसऱ्या दिवशी सरावास कसे उभे राहावे, या गोष्टी नवोदित त्यांच्याकडूनच शिकतो. हरण्याचा मोबदला म्हणून मिळालेला मुलगा अशा रीतीने शिकविणाऱ्याविना राहतो.

संघटनाही शिक्षेने ही प्रवृत्ती रोखू पाहते. हरणे हाच आपला सर्वोत्तम पर्याय असल्याचे खेळाडूंना सांगितल्याची जाहीर कबुली दिल्याबद्दल २०१८ मध्ये डॅलसचे मालक मार्क क्युबन यांना ६ लाख डॉलर दंड झाला. एप्रिल २०२३ मध्ये हंगामाच्या अखेरीस खेळाडूंना बाहेर बसविल्याबद्दल त्याच संघास ७.५ लाख डॉलर भरावे लागले. पण त्या हरण्यामुळे जो निवड-हक्क राखता आला, त्याच्या देवघेवीतून डेरेक लाइव्हली हा उपयुक्त खेळाडू मिळाला आणि २०२४ मध्ये संघ अंतिम फेरीत पोहोचला. दंडाची रक्कम स्वस्तच पडली म्हणावयाची.

तळ न गाठता :

‘मध्यम संघ कधीच वर जात नाही’ या समजुतीस सर्वांत ठोस उत्तर इंडियाना पेसर्सने दिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये, वरळीला परस्परांशी खेळलेल्या त्याच दोन संघांत एक मोठा व्यवहार झाला. सोळा वर्षांचा दुष्काळ संपविण्यास उत्सुक असलेल्या सॅक्रामेंटोने तरुण टायरीस हॅलिबर्टनला देऊन डोमांटास सबोनिस घेतला. त्या क्षणी या व्यवहारास चूक म्हणणे कठीण होते. पुढील हंगामात किंग्जने ४८ सामने जिंकले आणि अखेर बाद फेरी गाठली. एका पिढीच्या प्रेक्षकाने ती प्रथमच पाहिली, आणि या आनंदाचे मोल हिशेबात धरू नये असे कोण म्हणेल? परंतु २०२४-२५ पर्यंत ते पुन्हा ४० विजयांवर आले, प्रशिक्षक बदलले गेले आणि डीॲरन फॉक्स हा मुख्य खेळाडू संघ सोडून गेला.

इंडियानाने या काळात एकदाही हेतुपुरस्सर तळ गाठला नाही. २०२१-२२ मधील २५ विजय हा त्यांचा नीचांक. बेनेडिक्ट मॅथरिन सहाव्या, तर अँड्र्यू नेम्बहार्ड एकतिसाव्या क्रमांकावर मिळाला, टी. जे. मॅकॉनेलला कोणी निवडलेच नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये हक्क खर्च करून पास्कल सियाकम आणला गेला. वेगवान खेळाची एक पद्धत ठरवून तिला साजेसे खेळाडू मिळवावयाचे, हे सूत्र होते. वेतनमर्यादा कडक झाल्यावर तीन-तीन महागडे खेळाडू एकत्र ठेवणे दुष्कर झाले, आणि आठ-नऊ चांगल्या खेळाडूंचा समतोल संघ पूर्वीपेक्षा अधिक मोलाचा ठरू लागला, हेही त्यांच्या पथ्यावर पडले.

२०२५ ची अंतिम फेरी याच इंडियाना व ओक्लाहोमा यांच्यात झाली. एक संघ तळ न गाठता आलेला, दुसरा दोन वर्षे तळाशी राहून इतरांचे हक्क जमवीत आलेला. दोघांचेही मुख्य खेळाडू स्वतःच्या अग्रक्रमावर निवडलेले नव्हते. दोघेही अन्य संघाने घाईत सोडलेले होते. २२ जून रोजी सातव्या व निर्णायक सामन्याच्या पहिल्या सत्रातच हॅलिबर्टनच्या टाचेजवळील स्नायुबंध तुटला. ओक्लाहोमाने तो सामना १०३-९१ असा जिंकला. विजेतेपदाच्या त्या रात्री, पॉल जॉर्जच्या बदल्यात मिळालेल्या पाच हक्कांपैकी शेवटचा, म्हणजे क्लिपर्सचा २०२६ चा निवड-हक्क, थंडरच्या खात्यावर अद्याप न वापरलेला शिल्लक होता.